पोटाची मोजणी होते, जमिनीची का नाही?

बायांनो, साथींनो,

एप्रिल १९९६ पासून देशभरात कुटुंब नियोजनाचं टार्गेट बंद केलं, असं सरकारने जाहीर केलं.  टार्गेट म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फेब्रुवारी लागला की दवाखान्याची जीप जिथवर रस्ता आहे तिथवर येते. नर्सबाई घरोघर पोरं मोजते. मास्तर शाळेतल्या पोरांना घरची भावंडं विचारतो. तलाठी सातबाऱ्याचं बोलायच्या आधी "ऑपरेशन झालं का?" म्हणतो. एकतीस मार्चला सरकारचं वर्ष संपतं, त्याच्या आत इतकी ऑपरेशनं, इतक्या बायांना तांबी, असा आकडा भरायचा असतो. तेच टार्गेट. कागदावरून ते गेलं. यंदाच्या फेब्रुवारीत जीप मात्र आली. विचारलं तर सांगतात, आता टार्गेट नाही, आता "अपेक्षित काम" आहे. नाव बदललं, जीप तीच.

काही साथी म्हणतील, जमिनीच्या लढ्याच्या पत्रकात तांबीचं आणि गोळीचं काय काम? काम आहे. गेल्या दोन महिन्यांत लोहगडवाडीला, भाज्याकडच्या वाड्यांवर आणि पवनेच्या काठच्या कातकरी-ठाकर वस्त्यांवर आम्ही बायांच्या बैठका घेतल्या. रात्री, भाकऱ्या झाल्यावर, बाप्यांना बाहेर बसवून. गेलो होतो जमिनीचे अर्ज भरायला. पण बाया बोलल्या ते पोटाबद्दल. आणि बोलता बोलता दोन्ही गोष्टी एकच निघाल्या. घराखालची जागा आमच्या नावावर नाही, कसतो ती वरकस आमच्या नावावर नाही, आणि स्वतःचं पोटही आमच्या नावावर नाही.

"गैरसमज" कोणाचा?

सरकारी माणूस भाषण करतो तेव्हा ठरलेलं वाक्य बोलतो : आदिवासी बायांच्या मनात गैरसमज फार आहेत, ते दूर केले पाहिजेत. आम्ही बायांना विचारलं, तुमचे गैरसमज सांगा. एकेक घेऊ.

बाया सांगतात, गोळीने दूध आटतं. हे गैरसमजात धरतात. पण तान्ह्या पोराला अंगावर पाजणाऱ्या बाईला माला-डी किंवा माला-एन देऊ नये, दूध कमी होतं, हे डॉक्टरांच्या पुस्तकातच आहे. म्हणजे बाई खरं बोलत होती, आणि तिला अडाणी ठरवणारा चूक होता. गोळीच्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. त्यातल्या एकवीस औषधाच्या आणि सात लोहाच्या. रोज एक, चुकवायची नाही. हे किती जणींना सांगितलं? आमच्या बैठकांत पाकीट हातात घेऊन विचारलं, सात गोळ्यांचा रंग वेगळा का? एकीलाही कोणी सांगितलेलं नव्हतं. काविळ झालेली, रक्तदाबाची बाई असेल तर गोळी चालत नाही, हेही कोणी विचारलं नव्हतं. आणि दिवाळीनंतर आमची निम्मी वस्ती वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जाते ती पावसाच्या तोंडावर परत येते. भट्टीवर गोळी कोण आणून देणार? गोळी सुटते, दिवस राहतात, आणि मग नोंद होते, "बाई निष्काळजी".

बाया सांगतात, तांबी वर छातीत चढते, आत गंजते. हे खरं नाही, आणि ते आम्ही बैठकीत चित्र काढून सांगितलं. गर्भाची पिशवी वरून बंद असते, तिथून छातीकडे वाट नाही. पण ही भीती आली कुठून? एक बाय म्हणाली, "तांबी बसवली आन् दोन म्हैने रगात थांबंना. दवाखान्यात गेले तर म्हनले, व्हतं असं, जा." तांबीने अंगावरून जास्त जातं, कंबर-ओटीपोट दुखतं, कधी ती आपोआप पडते, क्वचित पिशवीला भोकही पडतं. हे डॉक्टरला माहीत असतं. बाईला मात्र बसवताना सांगत नाहीत. अंगात आधीच रक्त कमी, दिवसभर लावणीच्या चिखलात वाकून उभं राहायचं, त्यात महिन्याचे दहा-दहा दिवस अंगावर जाणार. तिला काढून हवी असते. पण बसवणं आकड्यात धरतात, काढणं धरत नाहीत. म्हणून बसवायला गाडी येते आणि काढायला बाईने चालत जायचं. काढून मिळत नाही तर बाई काय समजणार? आत रुतली, वर चढली, असंच समजणार. कोणी उत्तर देत नाही तेव्हा माणूस स्वतः उत्तर तयार करतं. तो गैरसमज बाईचा नाही, गप्प बसणाऱ्याचा आहे.

बाया सांगतात, ऑपरेशननंतर पहिल्यासारखं अंग राहत नाही, मोळी उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनचा आणि कंबरेचा संबंध नाही, तुम्ही आराम केला नाही. बरोबर, आराम केला नाही. टाक्याचं असो की बिनटाक्याचं, पोट उघडल्यावर जड उचलायचं नाही असं सांगितलं जातं. पण तिसऱ्या दिवशी पाणी कोण आणणार? लोहगडवाडीहून मळवलीला उतरून, लोकल धरून लोणावळ्याच्या बाजारात करवंदं-जांभळं विकणारी बाई आठ दिवस घरी बसली तर त्या आठ दिवसांचं पोट कोण भरणार? ऑपरेशनचे म्हणून जे पैसे हातावर ठेवतात ते दुकानदाराच्या उधारीत त्याच दिवशी जातात. आराम हा शब्द पगारी माणसाचा आहे.

आणि एक गोष्ट कोणत्याच भाषणात नसते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या, आणि १९८९ साली ते जगासमोर मांडलं. शंभरातल्या ९२ बायांना अंगावरचे, गर्भपिशवीचे कसले ना कसले आजार निघाले. आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त आठ. जंतुबाधा असलेल्या बाईला न तपासता तांबी बसवली तर आजार आणखी आत जातो. म्हणजे आधी तपासणी, मग औषध, मग तांबी, असा क्रम पाहिजे. आमच्याकडे क्रम काय? आधी तांबी, आणि तपासणी कधीच नाही. ज्या दवाखान्याला बाईचं अंगावरचं पांढरं जाणं दिसत नाही, त्याला तिची सुपीकता तेवढी बरी दिसते!

आम्ही "केस" नाही

दवाखान्यात आमच्या बाईला "केस" म्हणतात. "आज तीन केसेस आणल्या." "ती केस पळाली." ऑपरेशनला कबूल केलेली बाई घाबरून परत गेली तर ती "पळालेली केस". आम्हाला केस हा शब्द चांगला ओळखीचा आहे. आमच्या जमिनीच्याही केसेस आहेत. फरक इतकाच, जमिनीची केस वीस वीस वर्षं लोंबकळते आणि पोटाची केस एका दुपारी निकालात निघते.

२७ डिसेंबर १९७८ चा सरकारचा निर्णय आहे : ३१ मार्च १९७८ पर्यंत सरकारी जमिनीवर ज्यांनी लागवड केली, त्या भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची. त्याला कितीतरी वर्षं होऊन गेली.  या एवढ्या वर्षांत आमच्या वरकसावर मोजणीदार किती वेळा आला? ज्या घरांत जमिनीची मोजणी एकदाही झाली नाही, त्या घरांतली पोरं दर साली मोजली गेली. कुणाला किती, मुलगे किती, मुली किती, धाकटं केवढं, सगळं रजिस्टरात आहे. म्हणजे सरकारला आमच्या वाडीची वाट माहीत आहे. मोजता येतं, लिहिता येतं, वेळेत कामही करता येतं. मग जमिनीच्या वेळी वाट का चुकते?

इथे नर्सबाईबद्दल एक बोललं पाहिजे. तिच्यावर आमचा राग नाही. आकडा भरला नाही की तिचा पगार अडकतो, साहेब सगळ्यांसमोर बोलतो. पावसात ओढे ओलांडून लस द्यायला येणारी तीच असते. तिला केसेस आणायला लावणाऱ्याशी आमचं भांडण आहे. टार्गेट गेलं तर आमच्याआधी तीच सुटेल.

पुरुषांनी सरकार पाडलं, मग बाया धरल्या

म्हाताऱ्या माणसांना आणीबाणी आठवते. बाप्ये कारवीच्या रानात लपून बसायचे, गाडीचा आवाज आला की भाकरी टाकून पळायचे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यात ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या. आणि हे लक्षात ठेवा, की १९७६ साली आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. तीन मुलांनंतर सक्ती, ऐकलं नाही तर तुरुंग. देशात असं विधेयक मंजूर करणारं पहिलं राज्य आपलं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही.

१९७७ साली लोकांनी ते सरकार पाडलं. नवीन सरकारने "कुटुंब नियोजन" हे नाव काढून "कुटुंब कल्याण" केलं. कल्याण कोणाचं झालं ते आकडे सांगतात. १९९२-९३ साली देशभर पाहणी झाली. महाराष्ट्रात लग्न झालेल्या शंभर बायांमागे सुमारे ४० जणींचं ऑपरेशन झालेलं, आणि ज्यांच्या नवऱ्याची नसबंदी झाली अशा सुमारे सहा. देशभरात गोळी, तांबी आणि निरोध तिन्ही मिळून शंभरात पाच-सहा. सरकार म्हणतं, आमच्याकडे निवडीला भरपूर साधनं आहेत. निवड असती तर आकडे असे एकाच बाजूला कलले असते का? पुरुषांची नसबंदी सोपी, थोड्या मिनिटांची, पोट फाडावं लागत नाही. बायांचं ऑपरेशन अवघड, त्याला पोट उघडावं लागतं. तरी ओझं बायांवर. कारण सरकारला १९७७ ने शिकवलं, की बाप्याला हात लावला तर सरकार पडतं. बाईला लावला तर काही पडत नाही.

पोटातलं काढता येतं, सुईतलं परत निघत नाही

आता दुसऱ्या एका साधनाचंही ऐका. इंजेक्शन. एकदा टोचलं की दोन-तीन महिने काळजी नाही, असं सांगतात. १९८५ साली हैदराबादजवळ पाटणचेरूला नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीसाठी बाया जमवल्या होत्या. हे प्रयोगाचं औषध आहे हे त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं. बायांच्या संघटना तिथे जाऊन पोचल्या आणि त्यांनी हे उघड केलं, १९८६ साली त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तरी १९९३ साली डेपो-प्रोव्हेरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन आपल्या देशात विकायला परवानगी मिळाली.

आम्ही इंजेक्शनला विरोध करतो तो सुईला घाबरून नाही. गोळी झेपली नाही तर बाई उद्यापासून बंद करते. तांबी काढता येते. इंजेक्शन एकदा अंगात गेलं की तीन महिने ते कोणालाच काढता येत नाही. पाळी बिघडते, कधी रक्त थांबत नाही, कधी महिनेच्या महिने पाळी येत नाही. ज्या भागात साधं रक्त तपासायची सोय नाही, तिथे असलं औषध आणणं म्हणजे बाईला सोडून देणं. जे साधन बाईच्या हातात राहतं ते आम्हाला पाहिजे. जे डॉक्टरच्या आणि कंपनीच्या हातात राहतं ते नको.

पाटीवर रंगवलेलं कुटुंब

लाल त्रिकोण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्याशेजारी दोन चित्रं रंगवलेली असतात. एकात गोरी बाई, नीट साडी, एक मुलगा, एक मुलगी, पाठीमागे पक्कं घर. दुसऱ्यात काळी बाई, फाटकं लुगडं, पाच-सहा उघडी पोरं, पडकी झोपडी. खाली लिहिलेलं : लहान कुटुंब, सुखी कुटुंब. ते दुसरं चित्र कोणाचं आहे? आमचं आहे. ती झोपडी आमची आहे. सरकार भिंतीवर रंगवून सांगतं, की तुमची झोपडी पडकी आहे कारण तुम्हाला पोरं फार.

मग आम्ही विचारतो. लोहगडाच्या माथ्यावर चढून खाली बघा. पवनेचं पाणी पसरलेलं दिसतं. त्या पाण्याखाली कोणाची भातखाचरं गेली, आणि ते पाणी आता जातं कुठे? पिंपरी-चिंचवडला. लोणावळ्याच्या बाजूला वळवण आणि शिरवटा ही टाटांची तळी. त्यांचं पाणी खाली खोपोलीला सोडून वीज होते, ती मुंबईला जाते. शेजारच्या मुळशीत १९२१ साली शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते. तेव्हा काय आमची पोरं फार होती म्हणून जमीन बुडवली? आता लोणावळ्या-खंडाळ्यापासून पवनेच्या काठापर्यंत बंगले आणि फार्महाऊस उठतायत. एका कुंपणात नवरा, बायको, दोन पोरं आणि एक कुत्रं, तेही शनिवार-रविवारी. कुटुंब लहान, कुंपण केवढं! महाराष्ट्रात १९९१ च्या शिरगणतीत आम्ही आदिवासी शंभरात नऊ. या नवांच्या पोरांनी उरलेल्या एक्याण्णवांची जमीन खाल्ली काय? जमीन कोणी खाल्ली ते सातबाऱ्यावर लिहिलेलं आहे, बारशाच्या यादीत नाही.

पोरं जास्त म्हणून गरिबी, की गरिबी म्हणून पोरं जास्त? १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत आणि १९९३ साली मेळघाटात आदिवासी बालकं उपासाने दगावली, तेव्हा पेपरांत आलं म्हणून सगळ्यांना कळलं. आमच्या वस्त्यांवर एकेक दगावतं, ते पेपरात येत नाही. ज्या बाईची चारातली दोन गेली तिला तुम्ही "दोन पुरे" कसं सांगता? ऑपरेशन करून घेतलं आणि पुढच्या पावसाळ्यात पोर हगवणीने गेलं, अशा बायाही आमच्या बैठकीत होत्या. ऑपरेशन परत उघडता येतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते आमच्यासाठी उघडत नाही. जगलेलं पोर हेच सगळ्यात मोठं कुटुंब नियोजन आहे. ज्या घरी जमीन आहे, धान्य पुरतं, पोरं जगतात, मुली शाळेत जातात, तिथे बाया आपोआप थांबतात. त्यांना जीप लागत नाही.

आणखी एक गंमत ऐका. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांना महाराष्ट्रात सरकारने "आदिम जमात" म्हटलं होतं. अशाच जमातींसाठी मध्य प्रदेश सरकारने १९७९ साली हुकूम काढला, की बैगा वगैरे लोकांची नसबंदी करायची नाही, कारण त्यांची संख्या राहिली पाहिजे. म्हणजे इकडे आमच्या बाईला नको असताना मागे लागतात, तिकडे बैगा बाईला पाहिजे असलं तरी दारातून परत पाठवायचे. वरून दोन्ही उलटं दिसतं. आतून एकच आहे. दोन्हीकडे बाईला विचारलं नाही.

आता आपल्या बाप्यांशी

काही साथी म्हणतात, कुटुंब नियोजन हे आपली संख्या कमी करायचं कारस्थान आहे, बायांनी काहीच करू नये. साथींनो, थांबा. सरकारची जबरदस्ती नको आणि तुमचीही नको. पोटाला किती लेकरं यावी हे दवाखान्याने ठरवू नये, तसं मोर्च्याच्या आकड्यासाठी तुम्हीही ठरवू नये. आमच्या बैठकांत पाळणा लांबवायचाच नाही असं म्हणणारी बाई एकही भेटली नाही. सगळ्या म्हणाल्या, दोन पोरांत अंतर पाहिजे, पण अंग सांभाळून पाहिजे, घरात मार न खाता पाहिजे.

संततिनियमन हे सरकारने आपल्यावर केलेले उपकार नाहीत. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत त्याचं केंद्र काढलं, त्यापायी पुढे कॉलेजातली नोकरी घालवली. १९३८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाच्या बाजूने ठराव आणला. तो तेव्हा फेटाळला गेला. बाईची सुटका म्हणून मागितलं तेव्हा दिलं नाही. लोकसंख्या कमी करायची म्हणून पाहिजे झालं तेव्हा जीप पाठवली. म्हणून आपण ही गोष्ट टाकायची नाही. ती सरकारच्या हातून काढून बाईच्या हातात द्यायची.

आणि निरोधची पाकिटं घरी आली की त्यांचे फुगे पोरं फुगवतात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. नसबंदीने ताकद जाते, नांगर धरवत नाही, असं बाप्ये म्हणतात. ताकद जात नाही. फक्त बीजाची नळी बांधतात, बाकी सगळं पहिल्यासारखं राहतं. त्यानंतर तीन महिने तेवढा निरोध वापरावा लागतो. बाईने पोट उघडून तिसऱ्या दिवशी हंडा उचलावा, आणि बाप्याने दहा मिनिटांच्या टोचणीला घाबरावं, हे मोर्च्यात पुढे चालणाऱ्या माणसाला शोभत नाही. आपल्यात ज्यांना पुढारी व्हायचं आहे त्यांनी आधी इथे पुढे यावं.

उद्याचं संकट

राजस्थानात आणि हरियाणात १९९४ च्या पंचायत कायद्यात कलम घातलं होतं, की दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही. आपल्याकडेही असं पाहिजे, अशी बोलणी तेव्हा चालू होती. बायांना राखीव जागा मिळून किती वर्षं झाली? आत्ता कुठे आपली एखादी बाई ग्रामपंचायतीत बसते, गावठाणाचा ठराव मांडते, घराखालच्या जागेचं बोलते. अशा कलमाने सगळ्यात आधी तिची खुर्ची जाते. पोरं किती हे घरात तिला ठरवू द्यायचं नाही, आणि पोरं जास्त म्हणून बाहेरही बसू द्यायचं नाही. आपला मावळ अनुसूचित क्षेत्रातही येत नाही, म्हणजे आदिवासी म्हणून वेगळं राखणही इथे नाही. अशा कलमाविरुद्ध आवाज उठवला पाहिजे.

बायांनी एवढं पक्कं लक्षात ठेवायचं

कोणतंही साधन घेण्याआधी विचारायचं : याने काय होतं, काय त्रास होतो, त्रास झाला तर कुठे यायचं, नको झालं तर काढणार कोण. उत्तर मिळाल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. लिहिलेलं वाचून घ्यायचं, आपल्या बोलीत समजावून मागायचं.

तांबी काढून मागणं हा हक्क आहे. "मुदत संपू दे" असं कोणी म्हणू शकत नाही.

गर्भपात १९७१ च्या कायद्याने, त्यात सांगितलेल्या कारणांसाठी, सरकारमान्य जागी डॉक्टरकडे करता येतो. अठरा वर्षांवरच्या शहाण्या बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. "आधी ऑपरेशनला कबूल हो, मग पिशवी साफ करतो" असं म्हणणं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. कुणी म्हटलं तर त्याच दिवशी संघटनेला कळवा. काड्या घालून, कोणाच्या हातचं काहीही पिऊन जीव घालवू नका.

रेशनकार्ड, जातीचा दाखला, घरकुल, सातबारा यांचा ऑपरेशनशी काडीचा संबंध नाही. तलाठ्याने विचारलं तर त्याला म्हणा, हा प्रश्न लिहून दे, खाली सही कर.

आमच्या मागण्या

१. टार्गेट कोणत्याही नावाने नको. नर्स, मास्तर, तलाठी यांच्याकडून केसेस मागणं बंद करा.

२. महिन्यातून एक दिवस प्रत्येक वस्तीवर बायांची तपासणी, बाई डॉक्टरकडून. तपासणी आधी, साधन नंतर. तांबी बसवायला गाडी येते तर काढायलाही आली पाहिजे.

३. भट्टीवर जाणाऱ्या बायांना जातानाच पुरेशा गोळ्या, निरोध आणि लेखी चिठ्ठी द्या, म्हणजे कोणत्याही सरकारी दवाखान्यात त्यांना पुढचं मिळेल.

४. सगळी माहिती, फायदा आणि त्रास दोन्ही, आमच्या बोलीत, चित्रं काढून सांगा. आमची झोपडी दुःखाचं चित्र म्हणून भिंतीवर रंगवणं बंद करा.

५. इंजेक्शन आणि हातात बसवायच्या कांड्या आमच्या वस्त्यांवर आणू नका.

६. पुरुषांच्या नसबंदीची आणि निरोधची माहिती पुरुषांना, पुरुष कर्मचाऱ्यांकडून, तितक्याच जोराने द्या.

७. दोन मुलांचं कलम पंचायत कायद्यात नको.

८. १९७८ च्या निर्णयाप्रमाणे आमच्या ताब्यातल्या जमिनींची मोजणी करा. घराखालची जागा घरातल्या बाईच्या आणि बाप्याच्या, दोघांच्या नावावर करा.

पहिल्या सात मागण्या दवाखान्याच्या दिसतात आणि आठवी जमिनीची. पण बायांनीच हे एका कागदावर लिहायला सांगितलं. त्यांचं म्हणणं सरळ आहे. ज्या सरकारला आमच्या घरात येऊन पोरं मोजायला वेळ आहे, त्याला दाराबाहेरची दोन एकर मोजायला वेळ नाही, हे यापुढे आम्ही ऐकून घेणार नाही.

पुढच्या फेब्रुवारीत जीप येईल तेव्हा वाडीतल्या सगळ्या बायांनी एकत्र रस्त्यावर यायचं. जीप अडवायची नाही, दगड उचलायचा नाही, नर्सबाईला वाईट बोलायचं नाही. साहेबाच्या हातात हा कागद द्यायचा आणि विचारायचं : मोजणीदार कुठे आहे? तो गाडीत असेल तर उतरवा. नसेल तर घेऊन या, मग बोलू.

ज्यांना वाचता येतं त्यांनी हे पान वस्तीवर मोठ्याने वाचून दाखवावं. बायांमध्ये बाईनेच वाचावं. आठव्या मागणीसाठी प्रत्येक घराने आपल्या ताब्यातल्या जमिनीचा नकाशा, हाताने काढलेला चालेल, पुढच्या बैठकीला घेऊन यावा.

जमीन आमच्या हक्काची, पोटही आमच्या हक्काचं!
लढेंगे, जितेंगे!

— संघटनेच्या बाया कार्यकर्त्या, लोहगडवाडी आणि पवन मावळ